पन्हळ दरवर्षी त्याच जागी गळते? आधी शिडी कुठे टेकवता ते बघा

मे महिन्यात वळवाचे दोन-तीन पाऊस पडून गेले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पन्हळीच्या तक्रारी यायला लागतात. शेडची आणि पत्र्याची कामं करणाऱ्या आमच्यासारख्यांचे फोन तेव्हा थांबत नाहीत. तक्रार बहुतेक एकाच साच्याची असते. "अवो, गेल्या वर्षीच सांधा भरून घेतला होता की. परत तिथंच गळतंय बगा." कुणी सिलिकॉन भरलेलं असतं, कुणी डांबर फासलेलं असतं, कुणी पत्र्याचं ठिगळ मारून वर रंग दिलेला असतो. सगळं करून झालेलं असतं आणि पाणी मात्र दाराशेजारच्या त्याच दोन फुटांत धो धो पडत असतं.

माल चांगला नाही, पाऊसच फार, मिस्त्रीनं नीट बसवली नाही, अशी कारणं लोक सांगतात. कधीकधी ती खरीही असतात. पण बाकीची पन्हळ ठणठणीत आणि एकच जागा दरवर्षी बिघडते, असं असेल तर पाऊस आणि मिस्त्री दोघांनाही जरा बाजूला ठेवा. पाऊस काय एकाच जागी पडत नाही. त्या जागी वर्षातून पाच-सहा वेळा दुसरं काहीतरी होत असतं. तिथं शिडी टेकते.

पुरावा पन्हळीच्या ओठावरच असतो

गळक्या जागेच्या आसपास पन्हळीची बाहेरची कड, म्हणजे तिचा ओठ, खालून तिरक्या नजरेनं बघा. सकाळचं किंवा संध्याकाळचं कललेलं ऊन असेल तर जास्त चांगलं. सरळ रेघेत जाणारी कड एका ठिकाणी किंचित आत दबलेली दिसेल, आणि तिथून सव्वा-दीड फुटावर तसाच दुसरा पोचा दिसेल. दोन्ही पोच्यांमधलं अंतर टेपनं मोजा. मग घरातली शिडी आणा आणि तिच्या वरच्या टोकाला दोन उभ्या दांड्यांमधलं अंतर मोजा. बांबूची शिडी वर निमुळती होत जाते, म्हणून माप वरच्या टोकाचंच घ्यायचं. दोन्ही मापं जुळली की बाकी काही विचारायची गरज उरत नाही.

रंगीत कोटिंगच्या पत्र्यावर पोच्याच्या जागी खरवडल्याच्या चंदेरी रेघा दिसतात आणि जुन्या असतील तर त्यांना तांबूस गंज धरलेला असतो. पीव्हीसीच्या पन्हळीला पोचा पडत नाही. उन्हानं कडक झालेलं पीव्हीसी सरळ चिरतं, आणि ती चीर ओठापासून खाली उतरत जाते.

एवढ्याशा टेकण्यानं काय होतं?

बरंच होतं. पन्हळ ज्या पट्ट्यांवर बसवलेली असते त्या पट्ट्या पाण्याचं खाली ओढणारं वजन धरण्यासाठी असतात. सहा इंची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली तर दहा फुटांत साधारण २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे २८ किलो. दर दोन फुटांवर पट्टी असेल तर हे वजन पाच-सहा पट्ट्यांत वाटलं जातं. त्याचं त्यांना काही वाटत नाही.

शिडीचं तसं नाही. ७० किलोचा माणूस शिडीच्या वरच्या टोकापर्यंत गेला आणि शिडी बऱ्यापैकी उभी, म्हणजे जमिनीशी ७५ अंशांत लावलेली असली, तर पन्हळीवर साधारण १८ किलोचा रेटा येतो. तो वरून खाली कमी आणि आतल्या बाजूला जास्त असतो, आणि सगळा दोन दांड्यांच्या बोटभर जागेवर येतो. तीच शिडी ६० अंशांपर्यंत पसरून लावली की रेटा ३५ किलोवर जातो. शिडीचं स्वतःचं वजन वेगळं. वर माणूस हलला, घमेलं उचललं, कौल ओढलं की प्रत्येक हिसक्याला हा आकडा वाढतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पत्रा याला कुठे पुरणार?

लोकांना वाटतं, पसरून लावलेली शिडी जास्त भक्कम. खरं तर ती पायाकडून घसरायला सोपी आणि पन्हळीला दुप्पट जड.

आता पाणी कसं गळतं ते बघा, कारण सांधा भरून का भागत नाही ते इथं कळतं. ओठ आत दबला की त्या जागी पन्हळीची खोली कमी होते आणि जोराच्या सरीत पाणी बाहेर उडी मारतं. पट्टी वाकली की तेवढा भाग खाली बसतो, उतार उलटा होतो आणि पाणी तिथं तुंबून राहतं. गाळ साचतो, डास होतात. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. रेट्यानं पट्टीचा स्क्रू वळचणीच्या कडेच्या फळीतून सैल होतो, पन्हळीची मागची कड फळीपासून सुटते आणि पाणी पन्हळीच्या मागून भिंतीवर उतरतं. बाहेरून पन्हळ धडधाकट दिसते, पण आत माजघराच्या भिंतीला ओल आलेली असते. अशा घरात लोक दोन-दोन वर्षं वॉटरप्रूफिंगचा रंग मारत बसतात.

पाणी किती असतं याचा अंदाज नसतो म्हणून एवढ्या-तेवढ्या पोच्याकडे दुर्लक्ष होतं. छपराची एक बाजू ३० फूट लांब आणि १५ फूट उताराची धरा. तासाला ५० मिलिमीटर वेगानं सर आली तर त्या एका बाजूवरून मिनिटाला जवळजवळ ३५ लिटर पाणी पन्हळीत येतं, दर मिनिटाला दोन मोठ्या बादल्या. आर्द्रा-पुनर्वसूत अशी सर बेळगाव शहरातही येते, आणि जांबोटी-कणकुंबीकडे तर तिची कुणाला नवलाई नसते. एवढं पाणी वाहून न्यायचं असताना अर्ध्या इंचाचा पोचासुद्धा पुरतो.

तपासणी

दोन कामं करा, दोन्ही कोरड्या दिवशी. पन्हळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओठाला लागून दोरा ताणा. दहा फुटांना निदान पाव ते अर्धा इंच उतार पाणी खाली नेणाऱ्या पाईपच्या बाजूला हवा. आपल्याकडच्या पावसाला मी अर्धा इंचच धरतो. दोऱ्यापासून पन्हळ जिथं सुटलेली किंवा खाली बसलेली दिसेल तिथं खडूची खूण करा. मग वरच्या टोकाला बादलीभर पाणी हळूहळू ओता आणि कुणालातरी खाली उभं करा. पाणी कुठे थांबतं, कुठे मागून उतरतं, सांध्यातून ठिबकतं की ओठावरून सांडतं, हे त्या एका बादलीत कळतं. भर पावसात बघायला गेलात तर सगळीकडूनच पाणी पडत असतं, त्यातून काही कळत नाही. आणि पावसात शिडीवर चढायचंच नाही.

खडूच्या खुणा दाराच्या आसपास जमल्या असतील, तर कारण उघड आहे. दारासमोरचं अंगण फरशीचं, सपाट. बाकी घराभोवती फुलझाडं, तुळस, धुण्याचा दगड, गोठा. मग शिडी लावायला सोयीची जागा एकच. मे महिन्यात कौलं शाकारायला माणूस येतो, तो तिथूनच चढतो. वानरांनी कौलं हलवली की कुणीतरी तिथूनच चढतं. केबलवाला, इंटरनेटवाला, रंगारी, सगळे तिथूनच. गणपतीला दिव्यांच्या माळा, दिवाळीला आकाशकंदील. यातला कुणी पन्हळीचा वैरी नाही, पण शिडी टेकवताना वर बघतो कोण?

न चालणारे उपाय

शिडीच्या टोकाला गोणपाट किंवा सायकलची ट्यूब गुंडाळणं हा घरोघरचा उपाय. त्यानं रंग खरवडत नाही आणि शिडी बाजूला सरकत नाही, एवढा फायदा नक्की. पण वजन तेवढंच राहतं. गोणपाटाखालूनही पन्हळ दबतेच.

उतरत्या पाईपला शिडी टेकवू नका. तो पाईप भिंतीला दोन-तीन क्लॅम्पवर धरलेला असतो आणि शिडी त्याच्यावरून गोल फिरते. पन्हळीच्या कोपऱ्यातही नको, तिथं सांधा असतो. टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर मुलगा, हा प्रकार तर बोलायलाच नको. नऊ फुटांवरून फरशीवर पडलेला माणूस आयुष्यभर लंगडू शकतो.

मग टेकवायची कुठे?

तळमजल्याच्या कौलारू घराला सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे टेकवूच नका. घडीची, दोन्ही बाजूंनी पाय असलेली ए आकाराची शिडी घ्या. ती स्वतःच्या पायावर उभी राहते, पन्हळीला हातसुद्धा लावत नाही. वळचण आठ-नऊ फुटांवर असेल तर सहा ते आठ फुटांची शिडी गाळ काढायला, माळ लावायला, सांधा भरायला पुरते. दोन्ही पाय पूर्ण उघडून मधल्या पट्ट्या कुलूपबंद झाल्यात का ते बघायचं. अर्धवट उघडून भिंतीला टेकवलेली ए शिडी ही साध्या शिडीहून वाईट. आणि वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. अजून एक फूट हात पुरत नसेल तर मोठी शिडी आणायची, टाचा उंचावायच्या नाहीत.

सरळ शिडीच वापरायची असेल तर तिला पन्हळीच्या अलीकडे थांबवणारा आधार लागतो. बाजारात स्टँडऑफ म्हणून मिळतो. शिडीच्या वरच्या भागाला लावायचे दोन आडवे हात असतात, त्यांची रबरी टोकं भिंतीला टेकतात आणि पन्हळ मधल्या मोकळ्या जागेत सुरक्षित राहते. एक इंची चौकोनी पाईपमधून कुठलाही फॅब्रिकेटर करून देतो, फक्त तो शिडीला यू बोल्टनं आवळून लावायचा. ॲल्युमिनियमच्या दांड्याला भोकं पाडून घेऊ नका, भोकाच्या जागी दांडा कमजोर होतो. हातांची लांबी ठरवताना छपराचं भिंतीबाहेर आलेलं माप आणि पन्हळीची रुंदी यांची बेरीज करा, वर दोन-तीन इंच सोडा. छप्पर सहा इंच बाहेर आणि पन्हळ सहा इंची असेल तर चौदा-पंधरा इंचांचा हात हवा.

इथं कौलारू घरांची अडचण येते. आपल्याकडच्या जुन्या घरांची वळचण भिंतीपासून दोन, कुठे तीन फूट बाहेर असते, कारण पश्चिमेकडून येणारी झड भिंतीला लागू नये. एवढ्या लांब हाताचा स्टँडऑफ शिडीला पेलत नाही. हात कौलांवर टेकवले तर कौलं फुटतात. म्हणून अशा घराला ए शिडी, नाहीतर पडवीचा खांब आणि तुळई जिथं उघडी आहे तिथं सरळ शिडी तुळईला टेकवून बांधायची. छपरावरच जायचं असेल तर घराच्या त्रिकोणी भिंतीच्या बाजूनं जा, त्या बाजूला पन्हळ नसते. तिथंही शिडी भिंतीला टेकवायची, कडेच्या कौलांना नाही. छपरावर जाण्याचं काम मात्र शाकारणीवाल्यानंच करावं असं मला वाटतं. कौलाच्या मधोमध पाय पडला की कौल जातं, आणि रीप कुजलेली असली तर माणूसही जातो.

गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडची गोष्ट वेगळी. अलीकडे टिळकवाडीपासून वडगावपर्यंत जवळजवळ प्रत्येक स्लॅबवर शेड चढलंय, आणि त्याची पन्हळ बरेचदा कठड्याच्या बाहेर लोंबते. गच्चीत शिडी लावून कठड्यापलीकडे वाकायचं, हा या सगळ्यातला सर्वात धोक्याचा प्रकार. शिडीवर चढल्यावर तीन फुटांचा कठडा तुमच्या पायाशी येतो, तो तुम्हाला अडवत नाही. हे काम परांची बांधून किंवा कमरेला पट्टा लावून शेडच्या खांबाला बांधून घेतलेल्या माणसानंच करायचं. नवीन शेड करताना पन्हळ कठड्याच्या आत घ्यायला सांगा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. पत्रा थोडा कमी पुढे येतो म्हणून लोक नको म्हणतात. माझ्या मते तेवढं पाणी गच्चीत पडलेलं परवडतं.

ज्यांना वर्षातून पुष्कळदा चढावंच लागतं, त्यांनी शिडीसाठी कायमचा टेका करून घ्यावा. दीड इंची चौकोनी पाईपचा तीन फूट आडवा तुकडा, पन्हळीच्या ओठापासून दोन इंच पुढे आणि तेवढाच वर राहील असा, भिंतीतून आलेल्या दोन हातांवर जोडायचा. हातांना खालून तिरका टेका द्यायचा. शिडी त्या पाईपवर टेकते आणि दोरीनं बांधताही येते. हे हात फळीला किंवा वाशाच्या टोकाला ठोकू नका, भिंतीतच घ्या. काँक्रीटच्या तुळईत अँकर बोल्ट चालतो. खानापूर भागातल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत मात्र अँकर बोल्टवर भरवसा ठेवू नका. चिरा मऊ, बोल्ट फुलला की भोकाच्या कडा भुगा होऊन सुटतात. तिथं बोल्ट आरपार घेऊन आतल्या बाजूला पट्टी देऊन आवळायचा.

अगदीच नाइलाज झाला, दोन मिनिटांचं काम आहे आणि दुसरी शिडी नाही, तर एक जुनी युक्ती आहे. पन्हळीच्या आत ओठापासून मागच्या फळीपर्यंत घट्ट बसेल असा लाकडी ठोकळा कापायचा आणि नेमका पट्टीजवळ बसवायचा. शिडी त्या ठोकळ्यासमोर टेकली की रेटा पत्र्यावर न राहता फळीवर जातो. दोन दांडे म्हणून दोन ठोकळे. आता ठोकळा बसवायला आधी वर कसं जायचं, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. ए शिडी शेजाऱ्याकडून आणा, आणि आणलीच आहे तर काम पण तिच्यावरच उरका!

पाय

शिडीचं वरचं टोक पन्हळ बिघडवतं, खालचं टोक माणूस पाडतं. साधा हिशेब असा, चार फूट उंचीला एक फूट बाहेर. बारा फुटांवर टेकत असेल तर पाय तीन फूट बाहेर, नऊ फुटांवर असेल तर सव्वादोन फूट. हे माप भिंतीपासून घ्यायचं नाही. शिडी जिथं टेकते त्या बिंदूच्या बरोबर खाली जमिनीवर जी जागा येते तिथून घ्यायचं. दोन फूट वळचण असलेल्या घरात लोक भिंतीपासून मोजतात, आणि शिडी नको इतकी उभी लागून मागे उलटायला बघते. ओळंबा सोडून खूण करून ठेवा. मोजायचा कंटाळा असेल तर शिडीच्या पायाला चवडे लावून सरळ उभे राहा आणि हात खांद्याच्या उंचीवर समोर करा. तळवे समोरच्या पायरीला आरामात लागले की कोन बरोबर आहे.

मऊ लाल मातीत पावसाळ्यात एक पाय सहज दोन बोटं आत जातो आणि वर पन्हळीवर शिडी एका दांड्यावर येते, म्हणजे सगळा रेटा एकाच जागी. पायांखाली दीड-दोन इंच जाडीची रुंद फळी द्या. चिकोडी-निपाणीकडच्या काळ्या मातीत तर फळीशिवाय लावूच नका. ओल्या शहाबादी फरशीवर शेवाळ असतं, ते आधी घासून काढा. शेणानं नुकत्याच सारवलेल्या अंगणात त्या दिवशी शिडी नको. एक पाय खाली-वर होत असेल तर विटेचा तुकडा सरकवू नका, माती थोडी खणून जागाच सपाट करा. खाली एक माणूस धरायला हवा, आणि त्यानं मोबाईल खिशात ठेवायला हवा.

छपरावर उतरायचं असेल तर शिडी टेकण्याच्या जागेच्या वर साधारण तीन फूट निघालेली हवी, म्हणजे उतरताना हाताला धरायला काहीतरी राहतं. चढताना तोंड शिडीकडे, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम शिडीवर. सामान हातात घेऊन चढायचं नाही, बादली दोरीनं वर ओढायची. बेंबी दोन दांड्यांच्या बाहेर जाईल इतकं बाजूला वाकायचं नाही. गाळ काढताना "अजून एवढंच राहिलंय" म्हणत लोक इथंच पडतात. खाली उतरा, शिडी सरकवा, परत चढा. आणि पायात स्लिपर नको, लुंगी तर अजिबात नको.

विजेची तार बघितल्याशिवाय शिडी उचलू नका. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर बहुतेक घरांत वळचणीपाशीच असते आणि वर्षानुवर्षांच्या उन्हानं तिचं आवरण तडकलेलं असतं. ॲल्युमिनियमची शिडी उभी करताना ती डोक्याच्या कितीतरी वर झुलते. ओला बांबूही वीज नेतो. तारेपासून निदान दहा फूट लांब राहा. तेवढी जागा नसेल तर हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, लाईनमनला सांगून लाईन बंद करून घ्या, मग काम.

बांबूची शिडी वाईट नाही, पण वर्षभर गोठ्यावर पडलेली शिडी उचलून लगेच चढू नका. पायऱ्या जिथं दांड्यात बसवल्यात तिथं उभी चीर बघा. दांड्याखाली पिवळसर भुसा पडलेला दिसला तर भुंग्यानं आत पोखरलंय. ती शिडी चुलीला द्या.

बिघडलेली पन्हळ आता दुरुस्त करायची

क्रम महत्त्वाचा. लोक आधी सांधा भरतात, खरं तर ते शेवटचं काम. आधी शिडीची जागा बदला, नाहीतर पुढचं सगळं वाया. मग पट्ट्या. वाकलेली पट्टी सरळ करून बसत नसेल तर नवी घ्या. सैल झालेला स्क्रू त्याच भोकात परत आवळू नका, इंचभर बाजूला नवी जागा धरा. फळीत नख रुतत असेल तर ती कुजलीय, तेवढा तुकडा बदला. पट्ट्यांमधलं अंतर दोन फुटांपेक्षा जास्त असेल तर मध्ये एकेक वाढवा. मग दोरा लावून उतार.

ओठाचा पोचा काढताना आतून लाकडाचा ठोकळा धरून बाहेरून लाकडी हातोडीनं हळूहळू सरळ करा. लोखंडी हातोडीनं जस्ताचा थर उडतो आणि पुढच्या वर्षी तिथं गंज येतो. खरवडलेल्या जागी जस्तयुक्त रंग द्या. पत्रा फारच पातळ असेल, २८ गेजचा वगैरे, तर सरळ करायच्या भानगडीत न पडता तेवढा तुकडा बदलून २४ गेजचा घाला. गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड, हे दुकानात लक्षात ठेवा.

सांधा शेवटी. जुनं सीलंट, डांबर सगळं खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच नवीन भरायचं, आणि आतल्या बाजूनं. ओल्या पत्र्यावर, जुन्या थरावर किंवा बाहेरून फासलेलं सीलंट पहिल्या आठवड्यात सुटतं. वरच्या बाजूचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत आलाय ना ते बघा. उलटा बसवलेला सांधा कितीही भरला तरी गळणारच. पीव्हीसीच्या पन्हळीत सांध्याला थोडी ढील ठेवा, दहा फुटांचा तुकडा उन्हात पाचेक मिलिमीटर वाढतो. चिरलेलं पीव्हीसी चिकटवू नका, बदला.

शिडी निर्दोष असेल तर

पोचे नाहीत, उतार बरोबर आहे, तरी गळतंय, असंही होतं. मग पाईपचं तोंड बघा. तीस-चाळीस फूट पन्हळीला एकच तीन इंची पाईप असेल तर तो मोठ्या सरीत कमी पडतो. दुसऱ्या टोकाला आणखी एक द्यावा लागतो. कौलांची शेवटची ओळ पन्हळीच्या आत दीड-दोन इंच आलेली हवी. मागे राहिली तर पाणी फळीवर येतं, फार पुढे आली तर पन्हळ ओलांडून जातं. दोन छपरं जिथं कोनात मिळतात तिथं पाण्याचा लोंढा एका जागी येतो, त्या कोपऱ्यात पन्हळीचा ओठ तीन-चार इंचांनी वाढवून घ्यावा. आणि पिंपळाचं रोप उगवलेलं असेल तर ते मुळासकट काढा, नुसतं तोडलं तर पुन्हा येतं.

चढण्याच्या खेपा कमी करता आल्या तर उत्तमच. गाळासाठी एक इंची पीव्हीसी पाईपला वर दोन कोपर लावून आकडीसारखं तोंड करा, खालून बागेची नळी जोडा. जमिनीवर उभं राहून पन्हळ धुता येते. आंबा, फणस, सिल्व्हर ओकची पानं पडणाऱ्या घरात पूर्ण पन्हळीवर जाळी टाकण्याच्या मी विरोधात आहे. जाळीवर पानांची गादी होते आणि ती काढायला परत शिडी लागते. फक्त पाईपच्या तोंडावर उभी, टोपीसारखी जाळी बसवा. गणपती-दिवाळीच्या माळांसाठी फळीला दर तीन फुटांवर गंज न लागणारे आकडे एकदाच लावून घ्या. लांब काठीला खाच पाडली की माळ खालूनच अडकवता येते. आकाशकंदिलाला छोटी कप्पी आणि नायलॉनची दोरी, म्हणजे बल्ब बदलायलाही तो खाली घेता येतो. शिडी मग मे महिन्यात शाकारणीला आणि जुलैत एकदा पन्हळ बघायला, एवढीच बाहेर काढावी लागते.